सरकारवाड्याची दिंडी

वैशाख लागला की शिरूरात आमच्या आळीला गच्च्यांची कामं निघतात. कुणी डांबर ओततं, कुणी कसलं तरी पांढरं रसायन फासतं. परवा आमच्याही गच्चीवर दोन पोरं चढली होती, बिहारकडची. काम उरकून खाली आली आणि त्यातलं थोरलं मला म्हणालं, "माताजी, दस साल की गारंटी." मी म्हटलं, गच्चीची तू घेतलीस, माझी कोण घेतं? ती हसली, चहा पिऊन गेली. मी जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. आठवत होती ती पांढरी.

पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची माती. माणसं जिथं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या, पुन्हा उठल्या, तिथली माती राखेच्या रंगाची होते. ती शेतात टाकली तर ज्वारी मातते, आणि धाब्यावर टाकून चोपली तर थेंब खाली येऊ देत नाही. आमच्या लहानपणी या सबंध मुलखात घरं धाब्याची होती, म्हणजे वर मातीची सपाट छपरं. चैत्र सरला की बाया डोक्यावर पाट्या घेऊन पांढरीला जायच्या. माती आणायची, चाळायची, वर पसरायची, पाणी शिंपडायचं आणि लाकडी चोपणीनं चोपत बसायचं. दुपारभर गावातून धप् धप् आवाज यायचा. ज्या गावाला जुनी गढी किंवा वाडा पडलेला असेल, ते गाव या बाबतीत श्रीमंत.

मी ज्या गावी पहिली नोकरी केली ते असं श्रीमंत होतं. दौंड तालुका, भीमेचा काठ, राहूपासून पायी दीड तास. नाव सांगत नाही. त्या माणसांची नातवंडं तिथं नांदताहेत, आणि मी जे सांगणार आहे त्यात माझ्याइतका दोष कुणाचाच नाही.

लिहायला बसण्याचं कारण गच्ची नाही. गेल्या महिन्यात तिथला माझा एक जुना विद्यार्थी आला होता. आता त्याचेच केस पिकलेत. म्हणाला, "बाई, आपली जुनी शाळा पाडून स्लॅबची बांधायचीय. स्मरणिका काढतोय. शाळेचा इतिहास तुम्हीच लिहा, दुसरं कोण राहिलंय?" शाळेचा इतिहास लिहायचा तर तिच्या दगडांपासून सुरुवात करावी लागते. दगड सरकारवाड्याचे.

मी तिथं गेले तेव्हा एकवीस वर्षांची होते. पन्नासच्या दशकातली शेवटची वर्षं. वडील मूळचे केंदूरचे, पुढं शिरूरला मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर झाले, आणि मी मिशनच्या बोर्डिंगात शिकून मास्तरीण झाले. एकटी मुलगी, त्यात ख्रिस्ती. गावात मला नाही असं कुणीच म्हटलं नाही. सरपंच आप्पा फार गोड माणूस. "बाई, खोली काय, दहा खोल्या हायती," म्हणाले. मग पहिल्या घरी भिंतीला ओल निघाली, दुसऱ्या घरी मुलगी बाळंतपणाला यायची निघाली, तिसऱ्या घरी म्हातारी म्हणाली, "पाणी कुठनं भरशीला बाई?" मला समजायचं ते समजलं. वळकटी घेऊन मी पिंपळाच्या पारावर बसले होते, तेव्हा हातोडी घेतलेला एक उंच, वाकलेला म्हातारा समोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "आमच्या समोरची देवडी रिकामी हाय. शेळ्या बांधतो. शेळ्या काय, कुठं बी ऱ्हातील."

हे इमामचाचा. गावचे नालबंद. बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारायचं काम त्यांचं. राहायला सरकारवाड्याच्या दरवाजात. अक्षरशः दरवाजातच. वाडा केव्हाच पडलेला, पण नदीच्या अंगाला त्याचा मोठा दरवाजा तेवढा उभा होता. काळ्या दगडाची कमान, दोन्ही बाजूंना एकेक बुरूज, आणि कमानीखाली समोरासमोर दोन देवड्या, म्हणजे पूर्वी पहारेकरी बसत त्या कोनाड्यासारख्या खोल्या. उजव्या देवडीत चाचा आणि हलीमाचाची. डाव्या देवडीत आता मी.

भिंती हातभर जाड. वैशाखातसुद्धा आत माठात बसल्यासारखं गार. पडदा म्हणून चाचीनं गोधडी टांगून दिली. पहिल्या संध्याकाळी तिनं विचारलं, "बेटी, आमच्या हातचं खाशील ना?" मला हसू आलं. दिवसभर हा प्रश्न गावानं मला उलट्या बाजूनं विचारला होता.

सरकार म्हणजे नेमके कोण, हे गावात कुणालाच धड सांगता यायचं नाही. एका मोठ्या राजघराण्याची धाकटी पाती, एवढं खरं. भीमथडीची तट्टं पूर्वी नावाजलेली, काटक, डोंगर चढणारी. सरकारांनी इथं नदीकाठच्या गवतासाठी पागा बांधली आणि पागेशेजारी स्वतःला वाडा. गाव म्हणायचं, पागेत तीनशे घोडी होती. चाचांचे आजे तिथं मोतद्दार होते, घोड्यांचं करणारे. चाचा म्हणायचे, "तीनशे कुठली? चाळीस. दावणीचे दगड मोजा की." मी मोजले होते. अडतीस सापडले.

वाडा कसा पडला याच्याही कथा होत्या. इंग्रजांनी जाळला, भाऊबंदकीनं जाळला, एका राणीचा तळतळाट लागला. चाचांची हकिगत अगदी साधी होती. दौंडला आगगाडी आली, तट्टांना कोण विचारणार? घोडी गेली. सरकार पुण्याला बंगल्यात राहायला गेले. मग एका उन्हाळ्यात बाईसाहेबांनी वाड्याची सागवानी तुळई, कडीपाट सगळं उतरवून घेतलं आणि गाड्या भरून पुण्याला नेलं. "छपार काढलं की मग काय ऱ्हातंय? जोतं दगडाचं, वर समदी माती. पाच पावसाळ्यांत बसली खाली. कुणी जाळला न्हाई आन् कुणी पाडला न्हाई." जाताना बाईसाहेब चाचांच्या आज्याला म्हणाल्या होत्या, मोतद्दार, दिंडी सांभाळ, आम्ही येऊ.

दिंडी म्हणजे मोठ्या दारातलं लहान दार. मोठी दारं लाकडासाठी केव्हाच गेली होती. त्या जागी चाचांच्या वडलांनी कमानीत दगडमातीची आडभिंत घातली होती आणि तिच्यात जुनी दिंडी बसवली होती. पितळी कड्या, लोखंडी खिळे, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही अशी. दरवाजाच्या डाव्या हाताला तट पन्नास पावलं ढासळलेला. सगळं गाव, गुरं, गाड्या त्या खिंडारातून नदीला जायची. तरी चाचा रोज पहाटे दिंडी उघडायचे आणि दिवेलागणीला लावायचे. कडी घातली की रिकाम्या जोत्याकडं तोंड करून, बाजारभाव सांगावा इतक्या सरळ आवाजात म्हणायचे, "सरकार, दिंडी लावली. समदी आत हायती."

समदी म्हणजे चाचा, चाची, दोन शेळ्या आणि मी.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गोधडीआड तोंड दाबून हसले. महिन्याभरात ते ऐकल्याशिवाय मला चैन पडेना. मला शाळेतून यायला उशीर झाला तर चाचा दिंडी लावायचे नाहीत. दिंडीच्या उंबऱ्यावर पाय पसरून बसायचे. मी म्हणायची, "चाचा, खिंडारातून आले असते की." ते म्हणायचे, "खिंडारातनं गुरं येत्यात."

गावानं त्यांची थट्टा पुष्कळ केली, पण लग्नाची वरात निघाली की नवरी दिंडीतनंच आत काढायचे. खिंडार मोकळं असलं तरी नवरी कधी तिथून गेली नाही. चाचांच्या हातावर नारळ पडायचा. वैशाखात असे पाच-सात नारळ जमायचे आणि चाची मला खोबऱ्याच्या वड्या करून द्यायची.

वाडा पडला तरी तो गावातून गेला नव्हता. आप्पांच्या गोठ्यातली गव्हाण म्हणजे सरकारांच्या कारंज्याचा हौद. आठ पाकळ्यांचा, आणि त्यात बैल कडबा खायचे. भागूबाईच्या न्हाणीत कमळ कोरलेला दगड होता, त्यावर बाळांना पायांवर घेऊन न्हाऊ घालायचे. खांबाखालचा तळखडा उलटा करून कुणी त्यात मिरच्या कुटायचं. एका घराच्या पायरीला घोड्याचं डोकं होतं. त्याचे कान पावलांनी झिजून गेले होते. ही काही चोरी नव्हती. पडलेलं उचललं होतं, आणि नीट वापरलं होतं. मला स्वतःला त्या पाकळ्यांच्या गव्हाणीचं फार कौतुक होतं.

माझी शाळा मात्र चावडीच्या ओट्यावर भरायची. एका बाजूला कोंडवाडा. कुणाची म्हैस कोंडली की पाढे तिच्या आवाजात बुडायचे. चावडीत काम निघालं की शाळा सुटायची. वारं सुटलं की फळा पडायचा. साठ पोरांत मुली फक्त नऊ, आणि त्यांना बसायला आडोसा नाही म्हणून दहा वर्षांच्या पुढं एकही टिकायची नाही. मला शाळा हवी होती. दोन खोल्या, एक दार, आणि कडेला मास्तरणीसाठी माझी स्वतःची एक खोली, जिची ओल, बाळंतीण, पाणी कुणी सांगणार नाही. तालुक्यानं धाब्याचं लाकूड मंजूर केलं होतं. दगड आणि श्रम गावाचे. दगड कुठून आणायचा, यावर सगळं अडलं होतं. खाणीचा दगड फोडून आणायची गावाची ऐपत नव्हती, आणि वाड्याचा सुटा दगड तर घराघरांत बसलेला. राहिला होता तो दरवाजाचा. ते मलाही दिसत होतं आणि आप्पांनाही. दोघंही बोलत नव्हतो.

त्या वर्षी चैत्रात शाळेच्या पत्त्यावर तालुक्याचा एक कागद आला. गावातल्या जुन्या वास्तू, त्यांचे अवशेष, कोरीव दगड यांची यादी करायला कारकून येणार, गावानं साहाय्य करावं. मी तो चावडीत वाचून दाखवला. वाचून झाल्यावर माणसं उठून आपापल्या कामाला गेली. बोलणं संध्याकाळी विहिरीवर सुरू झालं.

माझी चूक पहिली ही. मला वाटलं, यादी म्हणजे यादी. गावाला ठाऊक होतं, यादी झाली की वस्तू जाते. लढाईच्या दिवसांत धान्याची यादी झाली, लेव्हीत धान्य गेलं. आता जमिनींच्या याद्या निघत होत्या. गावानं सरळ हिशेब लावला, सरकार पुण्याचे असोत की मुंबईचे, सरकार ते सरकार. आपले दगड मागायला आले.

दिवस पांढरीचेच होते. दरवर्षी बाया फक्त धाबं करायच्या, त्या वर्षी घरंच्या घरं लिंपायला घेतली. घोड्याचं डोकं सगळ्यात आधी लिंपणाखाली गेलं. कमळावर बोटभर थर चढला. आप्पांनी गव्हाणीला बाहेरून असा गिलावा दिला की पाकळ्या बुजून ती चक्क चूल वाटायला लागली. चार दिवसांत गाव पांढरंफटक. भागूबाई मला कौतुकानं न्हाणी दाखवत म्हणाली, "बगा बाई, वळकू येतंय का?" मी खरं ते सांगितलं, ओळखू येत नाही.

एवढी माती घाईनं आणायची तर जवळची. सगळ्यात जवळची आणि सगळ्यात मऊ पांढरी दरवाजाच्या उजव्या बुरुजाच्या बुडाशी होती. वर्षानुवर्षं चाचांनी तिथं कुणाला कुदळ घालू दिली नव्हती. "पागंमागनं न्या. हितली माती बुरजाचा पाय हाय," म्हणायचे. त्या चार दिवसांत कुणी ऐकेना. तेव्हा चाचांनी आपली बाज उचलली, बुरुजाच्या बुडाशी टाकली आणि तिच्यावर बसले. बैल आले तर तिथंच पत्र्या मारायचे. बायांनी त्यांना शब्दानं दुखावलं नाही. "चाचा, पाय वर घ्या," म्हणायच्या आणि बाजेच्या कडेकडेनं खणायच्या. चार दिवसांनी बाजेखाली बाजेएवढा चौकोनी उंचवटा राहिला होता आणि भोवती गुडघाभर खड्डा. बाजेवर चाचा. पोरं हसत होती, मीही हसले. बुरुजाच्या पायाचे गोटे उघडे पडलेले मला दिसले होते, पण ते बघायची मला गरज वाटली नाही.

कारकून आला तो भर दुपारचा. राहूपर्यंत एसटीनं आणि पुढं बैलगाडीतून, उन्हानं लाल झालेला, भला माणूस. चावडीच्या सावलीत त्याला पन्हं दिलं, आंबे दिले. त्यानं छापील कागद पुढं केला. हात रसानं माखलेले, म्हणून मला म्हणाला, "बाई, तुमचं अक्षर चांगलं असेल. मी विचारतो, तुम्ही लिहा."

आप्पा उत्तरं देत होते. "काय न्हाई राह्यलं सायेब. पांढरीचं टेकाड हाय निस्तं. लोक माती नेत्यात."

कारकून म्हणाला, "उभं काही असेल तर सांगा. मला वर कळवावं लागेल, आणि मग तिथला दगड कुणाला हलवता यायचा नाही. नसेल तर प्रश्न मिटला. सुटा दगड पंचायतीनं शाळेला घ्यावा, कुणाची हरकत नाही."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. आवाज चढवला नाही, डोळे वटारले नाहीत. नुसतं पाहिलं. त्यांना वाटलं असतं तर ते स्वतः बोलले असते. पण टाक माझ्या हातात होता.

नदीकडून ठक् ठक् आवाज येत होता. कारकुनानं विचारलं, "हे काय वाजतंय?"

आप्पा म्हणाले, "नालबंद हाय. बैलाला पत्र्या मारतुया."

हे खरंच होतं. मी लिहिलं, 'उल्लेखनीय अवशेष नाहीत.' माझं अक्षर तेव्हा फार सुरेख होतं. त्या कागदात आणखी एक रकाना होता. तो शेवटी सांगते.

ज्येष्ठात दोन दिवस वळीव झोडपून गेला. गावातलं एकही धाबं गळलं नाही, इतकी त्या वर्षीची पांढरी चांगली. बुरुजाच्या बुडाशी मात्र खड्ड्यात पाणी साचलं आणि तिसऱ्या दिवशी बुरुजाला वरपासून खालपर्यंत चीर गेली. कमान एका अंगाला कलली. दिंडी अडकायला लागली, चाचा खांद्यानं रेटून लावायचे. पंच येऊन बघून गेले. आप्पा म्हणाले, "चाचा, एखाद्याच्या अंगावर आला म्हंजी? उतरवून घेऊ. दगड वाया न्हाई जायाचा, शाळंला लावू. तुमास्नी गावात जागा देतो."

आप्पा खोटं बोलत नव्हते. जागा दिलीच असती.

चाचा त्या संध्याकाळी माझ्याकडं आले. त्यांच्यापुरता मार्ग त्यांनी शोधला होता. "बाई, तालुक्याला एक अर्ज लिवा. परवा त्यो सायेब येऊन समदं लिवून घेऊन गेला न्हवं? त्यांच्याकडं नोंद असंल दरवाजाची. म्हणावं, बुरजाला टेकू द्या. चार गाड्या दगड आन् चुना. मजुरी मी करतो."

मी अर्ज लिहिला. काय करणार होते? तेव्हाच सांगायला हवं होतं, हे मला आज कळतं असं नाही, तेव्हाही कळत होतं. चाचीनं माझ्यापुढं चहा ठेवला होता, तो मी प्यायले आणि सुवाच्य अक्षरात अर्ज लिहून टपालात टाकला. अक्षर ओळखून कुणी काही विचारील का, ही भीतीसुद्धा मनात येऊन गेली. कुणी ओळखलं नाही.

उत्तर महिन्यानं आलं. चाचा पत्र्या मारत होते. बैल आडवा पाडून पाय बांधलेले, तोंडात चार खिळे. मी उभ्यानंच वाचून दाखवलं, 'नोंदीप्रमाणे सदर ठिकाणी कोणतेही अवशेष नाहीत. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

चाचांनी तोंडातले खिळे हातावर काढले. वर कमानीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांना खरंच हसू आलं होतं. म्हणाले, "मग मी कुठं बसलोय?"

मी कागदाची घडी घातली.

"लिवनाराची चूक झाली असंल," ते म्हणाले. "उनातान्हाचा आलता बिचारा." आणि खिळे परत तोंडात धरून उरलेला खूर पुरा केला.

पावसाळा सरल्यावर दरवाजा उतरवला. पडू दिला नाही, उतरवला. चाचांनीच सांगितलं कुठला दगड आधी काढायचा. कमानीचा मधला दगड निघाला तेव्हा ते तिथं नव्हते, चाचीबरोबर गाडीत बसून वरवंडला लेकीकडं निघून गेले होते. गावातली जागा त्यांनी घेतली नाही. कुणावर राग म्हणून नाही. म्हणाले, "हमरस्त्यावर बैलांची खुरं लवकर झिजत्यात. तिकडं काम बक्कळ." बाज नेली, शेळ्या नेल्या. दिंडी नेता येण्यासारखी नव्हती. ती शाळेला बसवा, असं आप्पांना सांगून गेले.

शाळा झाली. चांगली झाली. हे मी खाली मान घालून सांगणार नाही. भिंती हातभर जाड, उन्हाळ्यात गार. मुलींना आत बसता येऊ लागलं. पहिल्या वर्षी नऊच्या सतरा झाल्या, पुढं त्यातल्या दोघी मास्तरणी झाल्या. कडेला माझी खोली होती. तिथं मी अकरा वर्षं राहिले. कुणी पुन्हा मला पाणी कुठून भरता असं विचारलं नाही. दाराला सरकारवाड्याची दिंडी. आप्पासुद्धा वाकून आत यायचे.

आणि त्या वर्षांतल्या पावसाळ्यांत दुसरी एक गोष्ट होत राहिली. बाहेरच्या भिंतीवर पांढरी टिकत नाही, तिला धाब्यावरच राहायचं असतं. एकेका पावसानं लिंपण ओघळत गेलं. घोड्याचा एक डोळा निघाला, मग नाक. कमळाच्या दोन पाकळ्या. गव्हाणीचा काठ. गावातून जाता-येता मला ते सगळं दिसायचं. दगड मागायला कुणीही आलं नाही. ज्यासाठी गावानं एवढं लिंपलं, ते कुणाला नकोच होतं. तालुक्याला हवा होता एक भरलेला कागद, आणि तो मी दिला होता.

दोन-तीन वर्षांनी सोलापूरच्या रस्त्यानं जाताना वरवंडला उतरले. रस्त्याच्या कडेला लिंबाखाली चाचा सापडले. तीच बाज, तीच हातोडी. शेजारून ट्रक धडाडत होते. चाची मागच्या हिवाळ्यात गेली होती, मला कुणी कळवलं नव्हतं. मी बाजेच्या कडेला बसले. सांगायचं असं ठरवून गेले होते. वाक्य पाठ केलं होतं.

त्यांनीच विचारलं, "शाळा गळती का?"

"नाही चाचा."

"पांढरी कुठली टाकता वर?"

"पागेमागची."

"बराबर." मग म्हणाले, "दिंडी कोण लावतं सांजचं?"

"मीच लावते."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि लेकीला हाक मारून माझ्यासाठी चहा मागवला. वाक्य माझ्या तोंडात राहिलं. तसंच गावी परत आणलं. पुढच्या वर्षी गेले तेव्हा लिंबाखाली दुसराच कुणी सायकलींची पंक्चरं काढत होता.

आता स्मरणिका. विद्यार्थ्याला मी हेच देणार आहे. छापा म्हणावं, नाहीतर राहू द्या. नवी शाळा बांधताना ते दगड फोडून खडी करणार आहेत असं ऐकते. त्याआधी एकदा कुणीतरी त्यांची नीट यादी करावी. गावानं या वेळी लिंपू नये.

राहिला तो रकाना. कारकुनाच्या कागदावर सगळ्यात खाली होता. 'सदर वास्तूत सध्या कोणी राहते काय?' कारकून तोवर हात धुवायला ओट्याखाली उतरला होता. त्यानं तो प्रश्न विचारलासुद्धा नाही. आप्पांनाही तो वाचता आला नसता. तो फक्त मी वाचला. माझी वळकटी, माझी पेटी, माझं बायबल, माझी दुसरी साडी त्या घटकेला डाव्या देवडीत होती. नदीकडून हातोडी ऐकू येत होती. वर अवशेष नाहीत असं लिहून झालं होतं, तेव्हा खाली दुसरं काही लिहिता येत नव्हतं. मी लिहिलं, 'नाही.'

कारकुनाला गाडीत बसवून, आप्पांशी शाळेच्या खिडक्या किती असाव्यात ते बोलून मी निघाले तोवर दिवेलागण टळून गेली होती. खिंडारातून गुरं केव्हाच परतली होती. दिंडी उघडी होती. चाचा उंबऱ्यावर पाय पसरून बसले होते. मला पाहून पाय आवरले, म्हणाले, "आल्या का बाई, लई उशीर केलासा." मी वाकून आत गेले. माझ्यामागं त्यांनी दिंडी ओढली, कडी घातली, आणि मोकळ्या जोत्याकडं तोंड करून रोजच्यासारखं म्हणाले, "सरकार, दिंडी लावली. समदी आत हायती."